‘माले’चे वाचक, शाळेचे विद्यार्थी : हरिभाऊ आपटे आणि त्यांचे गुरुजन

ग्रंथ आधी भेटावा आणि ग्रंथकार मागाहून, हा वाचकाच्या आयुष्यातील नित्याचा क्रम आहे. बहुतेकांच्या वाट्याला तर ग्रंथकाराची भेट कधी येतच नाही. परंतु ज्याच्या लेखनाने आपण भारावून गेलो, ज्याची वाक्ये आपल्या जिभेवर घोळत राहिली, तोच लेखक उद्यापासून आपला शिक्षक होणार, अशी वार्ता एखाद्या विद्यार्थ्याच्या कानी आली तर त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल? आनंद तर होईलच, पण त्या आनंदात थोडी धास्तीही मिसळलेली असेल. कागदावर एवढा मोठा वाटणारा पुरुष चार हातांच्या अंतरावर तेवढाच मोठा वाटेल काय, आणि त्याच्या नजरेस आपण कसे दिसू, हे दोन्ही प्रश्न त्या धास्तीच्या पोटी असतात.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात असा प्रसंग एकट्यादुकट्याच्या नव्हे, तर एका शाळेभर मुलांच्या आयुष्यात आला. ते वर्ष १८८० आणि ते गाव पुणे. लेखक होते ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर, आणि त्या मुलांपैकी एक, पुढे मराठी कादंबरीस नवे वळण देणारे हरि नारायण आपटे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना ह्या गुरुशिष्यांची कथा आठवावी, असे मला वाटले. कारण तिच्यात केवळ भक्ती नाही, भक्तीच्या पुढचेही काही आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा जन्म १८५० सालचा. वडील कृष्णशास्त्री हे स्वतः नामांकित पंडित व ग्रंथकार. त्यामुळे विद्येचा वारसा घरचाच. डेक्कन कॉलेजातून १८७२ साली बी. ए. होऊन ते सरकारी शाळेत शिक्षक झाले. नोकरीत असतानाच जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले. मासिक म्हणावयाचे एवढेच. त्यात अनेकांचे लेख नसत. एकाच लेखणीतून उतरलेला निबंध महिन्यामागून महिना वाचकांच्या हाती पडे. सात वर्षांत अशा चौऱ्याऐंशी अंकांची ही माला गुंफली गेली. आरंभच मराठी भाषेच्या सद्यःस्थितीच्या विचाराने झाला. पुढे इतिहास, वक्तृत्व, लोकभ्रम, विद्वत्त्व आणि कवित्व, मोरोपंतांची कविता, डॉक्टर जॉन्सन असे नानाविध विषय आले. आणि शेवट झाला तो ‘आमच्या देशाची स्थिती’ ह्या विख्यात निबंधाने. परकीय सत्तेने तो निबंध पुढे जप्त करावा, ह्यातच त्याच्या धारेची साक्ष आहे.

‘माले’चे आकर्षण तिच्या विषयांइतकेच तिच्या भाषेत होते. इंग्रजी शिकलेल्या तरुणास त्या काळी मराठी ही घरात बोलण्याची आणि बाजारात भाव करण्याची भाषा वाटू लागली होती. गंभीर विचार करावयाचा तो इंग्रजीत, अशी समजूत रूढ होत चालली होती. विष्णुशास्त्र्यांनी त्या समजुतीस उत्तर दिले ते उपदेश करून नव्हे, तर तशी मराठी लिहून दाखवून. मेकॉले आणि जॉन्सन ह्यांच्या गद्याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. संस्कृत तर घरचेच होते. ह्या दोन्ही विद्या पचवून त्यांनी जी मराठी घडविली, ती लांबलचक वाक्यांची, उपरोधाने धार लावलेली आणि आत्मविश्वासाने भरलेली होती. ‘मराठी भाषेचे शिवाजी’ हे बिरुद त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले, ते ह्याच कारणामुळे. शाळकरी वयात अशी भाषा कानी पडली म्हणजे तिचा अर्थ पुरता लागण्याआधी तिचा नाद मनात भरतो. आपणही असे लिहावे, ही इच्छा त्या नादातूनच उपजते.

ह्याच काळात हरि नारायण आपटे पुण्यात आले. त्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. बालपणाचा बराचसा काळ मुंबईस नातलगांच्या घरी गेला, आणि १८७८ च्या सुमारास हे कुटुंब पुण्यास आले. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे नाणावलेले वकील. संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी पुण्यातील ‘आनंदाश्रम’ ही संस्था उभारणारे गृहस्थ ते हेच. आईवेगळा, पुस्तकांत रमणारा असा हा मुलगा ज्या पुण्यात वाढत होता, तेथे ‘निबंधमाला’ हा सुशिक्षितांच्या घरांतील नित्य चर्चेचा विषय होता. गाजलेल्या लेखकाचे नाव आधी वडिलधाऱ्यांच्या वादविवादांतून कानी पडावे आणि मग त्याचे लेखन हाती यावे, हा आपल्याही घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला क्रम आहे. त्यावरून तेव्हाच्या पुण्यातील मुलांच्या मनाची कल्पना करणे अवघड नाही.

इकडे विष्णुशास्त्री सरकारी नोकरीस कंटाळले होते. मध्यंतरी त्यांची बदली रत्नागिरीस झाली होती. सरकारचे वेतन घ्यावयाचे आणि सरकारला न रुचणारे लिहावयाचे, ही तारेवरची कसरत फार काळ चालणारी नव्हती. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. घरात पैशाची रेलचेल होती म्हणून हे धाडस झाले, असे नव्हे. स्वतंत्र शाळा काढण्याचा त्यांचा मनोदय कळताच डेक्कन कॉलेजात शिकलेले बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोन तरुण त्यांना येऊन मिळाले. आगरकरांची एम. ए. ची परीक्षा राहिली होती, म्हणून ते वर्षभराने यावयाचे ठरले. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात ‘न्यू इंग्लिश स्कूल’ सुरू झाले. लवकरच वामन शिवराम आपटे ह्यांच्यासारखा संस्कृतचा गाढा पंडित आणि महादेव बल्लाळ नामजोशी ह्यांच्यासारखा खटपटी कार्यकर्ता त्यांना लाभला.

पुण्यातील मुलांच्या दृष्टीने ह्या घटनेचा अर्थ काय होता? सरकारी शाळेच्या भक्कम इमारतीतून उठून एका नव्या, भवितव्य ठाऊक नसलेल्या शाळेत जावयाचे. कशासाठी, तर तेथे ‘माला’कार स्वतः शिकविणार म्हणून. पालकांना ह्यात जोखीम दिसली असेल, मुलांना मात्र पर्वणी दिसली. हरिभाऊही ह्याच शाळेचे विद्यार्थी झाले. शिवराम महादेव परांजपे, ज्यांच्या ‘काळ’ पत्राने पुढे महाराष्ट्रास वेड लावले, तेही ह्याच शाळेतून बाहेर पडले. शाळेची विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली, तीत ह्या नव्या शिक्षकांच्या कीर्तीचा वाटा मोठा होता.

येथे एक गोष्ट आपल्यासारख्यांनी, ज्यांची मुले इंग्रजी माध्यमातून शिकतात अशांनी, मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठीच्या कैवाऱ्याने काढलेल्या ह्या शाळेचे नावच इंग्रजी होते, आणि वरच्या वर्गांतील शिक्षणही त्या काळच्या रीतीप्रमाणे इंग्रजीतूनच चाले. विष्णुशास्त्र्यांस ह्यात विसंगती वाटली नाही. त्यांचा रोख इंग्रजी विद्येवर नव्हता. ती विद्या आपल्या हाती असावी, आपल्या माणसांनी आपल्या हेतूने ती द्यावी, आणि तिचे फळ मराठीत उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाने इंग्रजी शिकावे की मराठी, हा वाद आपण आज घालतो. त्या शाळेपुढचा प्रश्न निराळा होता : इंग्रजी शिकलेला मुलगा मराठीला काय आणून देणार?

जवळून पाहिल्यावर तो लेखक कसा वाटला असेल? विष्णुशास्त्री हे सभा जिंकणारे वक्ते नव्हते. त्यांचे सामर्थ्य लेखणीत होते, आणि माणूस एकंदरीत एकांतात, ग्रंथांच्या सहवासात रमणारा. अशा शिक्षकाकडून मुलांना जे मिळते ते पाठ्यपुस्तकाच्या टिपणांत सापडत नाही. आपले आवडते निबंध लिहिणारा हात हाच आहे, आणि तो आपल्यासारखाच शाईने माखतो, हे मुलगा प्रत्यक्ष पाहतो. लेखन हे दूरच्या कोणा दैवी पुरुषाचे काम नसून समोरच्या माणसाचे रोजचे कष्ट आहेत, हा बोध त्याला होतो. ग्रंथ वाचून आदर उत्पन्न होतो खरा, परंतु हे आपल्यालाही साधेल असा धीर येण्यास लेखकाचा सहवासच लागतो.

आणि त्या शाळेत काम तरी काय थोडे चालले होते! वर्षभरातच, जानेवारी १८८१ मध्ये, ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही दोन पत्रे निघाली. पैकी ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आले. त्याआधीच शास्त्रीबोवांनी ‘चित्रशाळा’ व छापखाना उभारण्याच्या कामी पुढाकार घेतला होता. जुने काव्य व ऐतिहासिक कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या ‘काव्येतिहाससंग्रहा’शीही १८७८ पासून त्यांचा संबंध होता. जे हात दिवसा फळ्यावर लिहीत, तेच रात्री मुद्रिते तपासत. मुलांच्या डोळ्यांदेखत एक शाळा, दोन वृत्तपत्रे आणि एक नवे सार्वजनिक जीवन आकार घेत होते.

हा योग मात्र अल्पायुषी ठरला. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. वय पुरते बत्तीसही नव्हते. शाळा काढून जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. ज्याच्या नावाच्या ओढीने मुले आली, तो शिक्षक असा अकस्मात नाहीसा झाला. त्याच वर्षी जुलैत कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर ह्यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात झाली. सूट मिळून एकशे एक दिवसांनी ते सुटले. एकाच वर्षात एक गुरू मृत्यूने नेला आणि दोन गुरू तुरुंगाने. त्या मुलांची शाळा केवळ वर्गाच्या चार भिंतींत भरली नाही, हे ह्यावरून दिसून येईल.

अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी आपल्या शोकास वाट करून दिली ती काव्यातून. विष्णुशास्त्र्यांच्या निधनावर त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ नावाची अठ्ठ्याऐंशी श्लोकांची विलापिका रचली. पुढे ज्यांच्या हातून मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्या लिहिल्या जावयाच्या होत्या, त्यांच्या लेखनाचा हा आरंभकाळ. ह्या नावातील एक शब्द फार बोलका आहे. ‘शिष्यविलाप’ नव्हे, ‘शिष्यजनविलाप’. हा तरुण एकट्याच्या वतीने रडत नाही. तो आपल्या बरोबरीच्या साऱ्या मुलांचा प्रतिनिधी होऊन रडतो आहे. वाचक म्हणून प्रत्येकाने त्या लेखकावर एकट्याने प्रेम केले होते. शाळेने त्या एकेकट्यांचा एक ‘जन’ केला. विष्णुशास्त्र्यांच्या कीर्तीचे गोडवे पुष्कळांनी गायिले असतील, परंतु एका शिक्षकाला ह्याहून मोठी मानवंदना कोणती मिळावयाची?

येथेच कथा संपली असती, तर ती गुरुभक्तीची एक नेहमीची कथा झाली असती. परंतु तिला दुसरा भाग आहे आणि तोच मला अधिक मोलाचा वाटतो. हरिभाऊंचे दुसरे गुरू आगरकर. ह्यांनी शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ ह्या नावाने मराठी भाषांतर केले. ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. हरिभाऊंनी ह्या भाषांतरावर ‘निबंधचंद्रिका’ मासिकात एक प्रदीर्घ टीकालेख लिहिला. ऐन विशीतला विद्यार्थी आपल्याच शिक्षकाच्या कृतीची जाहीर छाननी करतो, ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हे. हा उद्धटपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. ‘निबंधमाले’ने मराठी वाचकाला शिकविले होते ते हेच, की ग्रंथ कोणाचा आहे हे न पाहता त्याचे गुणदोष बुद्धीने तोलावे. विष्णुशास्त्र्यांचे वाचन ज्याने खरोखर पचविले, त्याच्याकडून आगरकरांची परीक्षा होणे क्रमप्राप्तच होते. शिष्याकडून आपला पराभव व्हावा, अशी इच्छा गुरूने धरावी, असा संकेत आपल्याकडे फार जुना आहे. आगरकर तर बुद्धिप्रामाण्याचे अध्वर्यू. त्यांच्या शाळेत दुसरे काय शिकावयाचे?

ह्याहून मोठी छाननी हरिभाऊंनी न बोलता केली. विष्णुशास्त्र्यांच्या थोरवीबरोबर त्यांच्या मर्यादाही आज आपण प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. समाजसुधारणेच्या बाबतीत त्यांची दृष्टी आकुंचित होती. लोकहितवादी आणि जोतीराव फुले ह्यांच्यावर त्यांनी जी टीका केली, तीत उपरोधाची धार होती, परंतु ज्या अन्यायाविरुद्ध जोतीराव झगडत होते त्याची दाद तीत नव्हती. स्वदेश आणि स्वभाषा ह्यांचा अभिमान जागविणाऱ्या त्या लेखणीने ह्या देशातील बहुसंख्यांचे आणि स्त्रियांचे दुःख पुरतेपणी पाहिले नाही. त्यांच्या शाळेत बसलेली ती भाग्यवान मुले म्हणजे मुलगेच होते, हेही विसरता कामा नये.

हरिभाऊंनी गुरूची भाषा घेतली आणि ती गुरूची नजर जेथे पोहोचली नव्हती तेथे नेली. कॉलेजात गेल्यावर गणित त्यांना आडवे आले आणि पदवी हाती लागली नाही. परंतु पुण्याच्या नियतकालिकांतून ‘मधली स्थिती’ १८८५ पासून प्रसिद्ध होऊ लागली, आणि १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः आली. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेली यमू आपल्या बाळपणापासून वैधव्यापर्यंतची आणि त्यानंतरच्या विटंबनेची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. ‘माले’तील पल्लेदार, पंडिती गद्य वाचून मोठा झालेला लेखक येथे माजघरातील एका मुलीच्या साध्यासुध्या बोलण्यास कान देतो, आणि महाराष्ट्राला ते ऐकावयास लावतो. विचाराने ही कृती आगरकरांच्या ‘सुधारका’शी नाते सांगणारी आहे. दुसरीकडे ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबरीत स्वदेशाच्या इतिहासाविषयीचा विष्णुशास्त्र्यांचा अभिमान बहरून आलेला दिसतो. दोन गुरू, त्यांची दोन भिन्न मते. शिष्याने एकाची निवड करून दुसऱ्यास टाकून दिले नाही. दोघांचेही ऋण फेडले, ते स्वतःच्या रीतीने.

ह्याच हरिभाऊंनी १९१२ साली अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. पुण्याच्या नगरपालिकेचे काम आणि ‘आनंदाश्रमा’ची व्यवस्था त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली. ३ मार्च १९१९ रोजी ते निवर्तले. गुरूहून त्यांना सुमारे तेवीस वर्षे अधिक आयुष्य मिळाले, आणि त्या आयुष्याचे त्यांनी चीज केले.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने ही कथा का आठवावी? ह्या राजधानीत १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर तब्बल सात दशकांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, डॉ. तारा भवाळकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा येथे संमेलन झाले. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. आपल्यापैकी अनेकांचे ऊर त्या वेळी अभिमानाने भरून आले. परंतु दर्जा शासन देऊ शकते, वाचक देऊ शकत नाही. नोएडा, गुरुग्राम, करोलबाग येथील आपल्या घरांत वाढणाऱ्या मुलास मराठी येते, ती आजीशी बोलण्यापुरती. ती भाषा त्याने शिकावी म्हणून आपण त्यास कर्तव्याची आठवण करून देतो, कधी रागावतो, कधी हताश होतो. १८७४ च्या तरुणांचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. त्यांना मराठीकडे वळविले ते कर्तव्याने नव्हे. त्यांना हेवा वाटावा, अनुकरण करावेसे वाटावे, असा एक मराठी लेखक त्यांच्या वाचनात आला, आणि पुढे तोच त्यांच्या वर्गात येऊन उभा राहिला.

असा योग घडवून आणणे सर्वस्वी आपल्या हाती नाही, हे खरे. विष्णुशास्त्री काही पिढीपिढीला जन्मास येत नाहीत. परंतु पन्नास वर्षांत मंडळांच्या व्यासपीठांवर किती लेखक येऊन गेले, ह्याचा हिशोब मांडताना आणखी एक हिशोब मांडावयास हवा : त्यांच्या येण्याआधी त्यांचे एखादे पुस्तक आपल्या घरातील मुलाच्या हाती पडले होते काय? पाहुण्यास हार घालण्यापूर्वी त्याचे चार पाठ मुलांनी वाचले असतील, तर समोर बसलेल्या वीस मुलांपैकी एकाच्या मनात तरी ती जुनी धास्ती आणि तो जुना आनंद उमटेल. त्याने पुढे त्या लेखकाची स्तुतीच केली पाहिजे असे नाही. त्याच्यावर चांगला प्रदीर्घ टीकालेख लिहिला, तरी हरिभाऊंच्या परंपरेत ते बसेल. तो मराठीत लिहिला, म्हणजे झाले.